अमरावतीचा दाखला आणि बिनविरोध निवडीचा महिमा

सभासंमेलनांचा अध्यक्ष मतदानाने निवडावा की चार जाणत्या माणसांनी विचार करून ठरवावा, हा वाद महाराष्ट्रास नवा नाही. नवे आहे ते इतकेच की, मतदानाच्या विरुद्ध बोलणाऱ्या पक्षास अलीकडे इतिहासाचा आधार घेण्याची हौस वाटू लागली आहे. वऱ्हाडात ही हौस विशेष आढळते, आणि तिचे कारणही उघड आहे. ह्या मंडळींच्या हाती एक दाखला आहे. ते म्हणतात, “१८९७ साली राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले, तेव्हा अध्यक्ष निवडण्यासाठी कोणी मतपेट्या मांडल्या होत्या काय? कोणी दारोदार मते मागत हिंडले होते काय? नाव सुचविले गेले, अनुमोदन मिळाले, टाळ्या झाल्या आणि शंकरन् नायर ह्यांच्यासारखा मोहरा अध्यक्षस्थानी बसला. आमचे वाडवडील मते न मोजता माणसे ओळखीत. आम्ही मते मोजतो आणि माणसे गमावतो.” हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे, आणि तो करणारांचा हेतू वाईट आहे असेही आम्ही म्हणत नाही. परंतु गोड युक्तिवाद खरा असतोच असे नाही. म्हणून हा दाखला एकदा उजेडात धरून पाहावा, असे आम्ही योजिले आहे.

राष्ट्रीय सभेच्या जुन्या अध्यक्षांशी वाङ्मयाच्या मासिकास काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य आहे, आणि ते निकटचे आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने २०१८ साली आपली घटना बदलली आणि संमेलनाध्यक्षाची निवडणूक काढून टाकली. तोपर्यंत हजाराच्या घरातले मतदार टपालाने मत देऊन अध्यक्ष निवडीत. त्यानंतर घटक संस्थांनी नावे सुचवावयाची आणि महामंडळाच्या बैठकीने त्यांतून एक ‘सन्मानपूर्वक’ ठरवावयाचे, असा प्रघात पडला. ह्या नव्या प्रघाताचे पहिले संमेलन, म्हणजे ब्याण्णवावे, जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळास, म्हणजे वऱ्हाडातच भरले, आणि अरुणा ढेरे ह्या त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढील संमेलनांचे अध्यक्षही ह्याच रीतीने ठरत आले आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्याही योग्यतेविषयी आम्हांस एक अक्षर बोलावयाचे नाही. आमचे भांडण माणसांशी नाही, पद्धतीशी आहे. आणि त्या पद्धतीच्या समर्थनार्थ अमरावतीचा जो दाखला काढला जातो, त्याच्याशी तर अधिकच आहे.

प्रथम १८९७ हे साल कसे होते ते वाचकांनी ध्यानी घ्यावे. दुष्काळाने देश होरपळला होता. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. २२ जून रोजी पुण्यास रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली आणि सरकारचा रोष साऱ्या महाराष्ट्रावर कोसळला. २७ जुलैस लोकमान्य टिळकांस पकडण्यात आले आणि १४ सप्टेंबरला राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांस अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. नातूबंधूंस तर कसलीही चौकशी न करता, १८२७ सालचे एक जुने रेग्युलेशन उकरून काढून अटकेत ठेवले गेले. अशा दिवसांत डिसेंबर महिन्यात अमरावतीस मांडव उभारणे हेच मुळी धाडसाचे काम होते. दादासाहेब खापर्डे ह्यांनी स्वागताध्यक्ष ह्या नात्याने ते अंगावर घेतले. ६९२ प्रतिनिधी जमले. सुरेंद्रनाथ बानर्जी ह्यांनी भर मांडवात तुरुंगातल्या टिळकांविषयी गहिवरून भाषण केले आणि सभेने विनाचौकशी अटकेविरुद्ध आवाज उठविला. अशा प्रसंगी अध्यक्षपदाची चुरस लागली नाही ह्यात नवल ते काय? घराला आग लागली असता पाण्याची घागर प्रथम कोणी उचलावी ह्यासाठी कोणी चिठ्ठ्या टाकीत नाही. परंतु आग विझल्यावरही चिठ्ठ्या टाकू नयेत, असा निष्कर्ष त्यातून काढणारा मनुष्य शहाणा म्हणावा काय?

दुसरी गोष्ट, त्या वेळी वऱ्हाडची स्थिती काय होती? १८५३ च्या तहाने हा प्रांत निजामाकडून कंपनी सरकारच्या ताब्यात आला. परंतु तो कायद्याने निजामाचाच मुलूख राहिला आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाच्या देखरेखीखाली चाले. अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वाशीम आणि वणी ह्या सहा जिल्ह्यांतली रयत सरकारास पट्टी भरी, तिचा कापूस परदेशच्या गिरण्यांस जाई. पण तिच्यासाठी कायदे करणारे मंडळ म्हणून कोठे नव्हतेच. मुंबईस, मद्रासेस, कलकत्त्यास नावापुरते तरी कायदे कौन्सिल होते. वऱ्हाडास तेही नव्हते. गव्हर्नर जनरलाच्या हुकुमाने जो कायदा लागू होईल तो कायदा! १९०२ साली सालीना पंचवीस लक्ष रुपये ठरवून हा प्रांत कायमच्या पट्ट्याने घेण्यात आला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला, तोही येथील एकाही माणसाचे मत विचारल्यावाचून. तेव्हा १८९७ सालचा वऱ्हाडी मनुष्य मत देत नव्हता ह्याचे कारण त्यास मताचा तिटकारा होता हे नव्हे. त्याजपाशी मतच नव्हते. ज्याच्या घरी ताट नाही त्याच्या उपवासास एकादशी म्हणणे ही थट्टा झाली.

आता त्या निवडीचा प्रकार पाहू. त्या काळी राष्ट्रीय सभेची सभासदांची वही नव्हती, वर्गणीदार मतदार नव्हते, की प्रांतोप्रांतीच्या नियमबद्ध कमिट्याही नव्हत्या. ठिकठिकाणच्या जाहीर सभांनी अगर सार्वजनिक संस्थांनी ज्यांस धाडावे ते प्रतिनिधी. अध्यक्षाचे नाव यजमान गावच्या स्वागत कमिटीने इतर प्रांतांच्या पुढाऱ्यांशी पत्रव्यवहार करून आधीच ठरवावे आणि मांडवात त्यावर सूचना, अनुमोदन व टाळ्या ह्यांचा संस्कार करावा, असा तो विधी असे. ह्या विधीने जे नाव त्या वर्षी आले ते चेट्टूर शंकरन् नायर ह्यांचे. मलबारचे रहिवासी, मद्रासचे नामांकित वकील, वय अवघे चाळीस. पुढे ते मद्रास हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, १९१५ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, आणि १९१९ साली पंजाबातील लष्करी कायद्याच्या निषेधार्थ त्यांनी त्या जागेचा राजीनामा दिला. इतक्या उंच खुर्चीवरून इतक्या सरळ पाठीने उतरलेला मनुष्य शोधूनही सापडावयाचा नाही. तेव्हा अमरावतीची निवड उत्तम झाली, हे प्रतिपक्षापेक्षाही मोठ्याने आम्ही म्हणतो.

पण उत्तम निवड झाली म्हणून निवडीची रीत उत्तम होती, हे कसे सिद्ध होते? लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या वाटेने कधीकाळी एखादे अक्षर उमटते. त्यावरून किड्यास अक्षरओळख आहे असे कोणी म्हणत नाही. ह्यासच आमच्या शास्त्रकारांनी घुणाक्षरन्याय असे नाव दिले आहे. रीतीची परीक्षा तिच्या चांगल्या दिवशी होत नसते. सर्वांचे एकमत असते त्या दिवशी कोणतीही रीत चालते. परीक्षा होते ती मतभेदाच्या दिवशी. आणि तो दिवस उगवला तेव्हा टाळ्यांच्या रीतीचे काय झाले ते आम्ही पुढे सांगणारच आहो.

तत्पूर्वी एक विसंगती दाखवून देणे अवश्य आहे. अमरावतीच्या मांडवात जमलेली ती सभा सरकारापाशी मागत काय होती? तिच्या अगदी पहिल्या मागण्यांपैकी एक ही की, कायदे कौन्सिलात लोकांनी निवडलेले सभासद असावेत! १८९२ च्या कायद्याने कौन्सिले थोडी वाढली. पण ‘निवडणूक’ हा शब्द त्या कायद्यात येऊ दिला गेला नाही. म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डे, विद्यापीठे ह्यांनी नावे सुचवावीत आणि सरकारने त्या शिफारशींवरून नेमणूक करावी, अशी ती तोडजोड होती. तिच्यावर सभेचा आक्षेप काय? शिफारस म्हणजे निवड नव्हे, हा. आणि सरकारपक्षाचे उत्तर काय? निवडणुकीने तट पडतील, खरे प्रतिष्ठित लोक उभे राहणार नाहीत, बोलघेवडे निवडून येतील, तुम्ही अजून त्या योग्यतेचे झाला नाही, हे. आता वाचकांनी हे उत्तर आणि संमेलनाध्यक्षाच्या निवडणुकीविरुद्ध आज जे बोलले जाते ते शेजारी शेजारी ठेवून पाहावे. शब्दसुद्धा तेच आहेत! साहेबाने आमच्या आजोबांस जे सांगितले आणि आजोबांनी जे मानले नाही, तेच आज आम्ही आमचे आम्हांस सांगतो आणि वर आजोबांचेच नाव घेतो. १८९२ सालची ती ‘शिफारस आणि नेमणूक’ २०१८ साली ‘सन्मानपूर्वक निवड’ हे नाव धारण करून परत आली, एवढाच काय तो फरक.

असो. मतभेदाचा दिवस उगवण्यास अमरावतीपासून दहा वर्षेही लागली नाहीत. १९०६ साली कलकत्त्यास अध्यक्ष कोण, हा प्रश्न निघाला. एका पक्षास टिळक हवे होते, दुसऱ्यास ते नको होते. मते मोजण्याची सोय नव्हती. म्हणून एक्याऐंशी वर्षांच्या दादाभाईंस विलायतेहून आणून तो प्रसंग निभावून नेला. वर्षच काय ते लोटले. १९०७ चे अधिवेशन नागपुरास व्हावयाचे होते. तेथील स्वागत कमिटीत अध्यक्षाच्या नावावरून अशी जुंपली की, अधिवेशनच सुरतेस हलवावे लागले. तेथे २६ डिसेंबरास डॉक्टर रासबिहारी घोष ह्यांचे नाव सुचविले गेले, सुरेंद्रनाथ अनुमोदनास उठले, आणि गलका झाला. दुसऱ्या दिवशी टिळक अध्यक्षाच्या निवडीसंबंधी आपली उपसूचना मांडण्यास व्यासपीठावर चढले. त्यांनी तशी चिठ्ठी आगाऊ दिली होती. तरी स्वागताध्यक्षांनी त्यांस बोलू दिले नाही, आणि घोष निवडून आल्याचे जाहीर करून टाकले. टिळक हाताची घडी घालून उभे राहिले. पुढे तो प्रसिद्ध जोडा उडाला, खुर्च्या उडाल्या, आणि बावीस वर्षांची राष्ट्रीय सभा दुभंगली. हात वर करवून मोजले असते तर कदाचित् टिळकांचा पक्ष हरला असता. पण हरला असता इतकेच. बाहेर पडला नसता. मोजून झालेला पराभव मनुष्य पचवितो. न मोजता झालेला तो अपमान समजतो.

आणि येथे अमरावतीकरांनी विशेष लक्ष द्यावे. सुरतेस दादासाहेब खापर्डे टिळकांच्या बाजूस होते. अमरावतीचेच रघुनाथराव मुधोळकर नेमस्तांच्या बाजूस होते. तेच पुढे १९१२ साली बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. ज्या गावाने १८९७ साली एक मांडव घातला, त्याच गावचे दोन धुरीण दहा वर्षांत दोन तळांवर दिसले. ह्या दोघांचे मतभेद सुरतेच्या वाटेवर गाडीत बसल्यावर उत्पन्न झाले काय? ते आधीपासून वाढत होते. त्यांस बोलावयास दार तेवढे नव्हते. म्हणून आमचे म्हणणे असे की, अमरावतीस जे दिसले ते एकमत नव्हे. प्रश्नच विचारला न गेल्यामुळे राहिलेले ते मौन होते. मौनास संमतीचे लक्षण मानणारे वचन लोकव्यवहारात ठीक असेल. सार्वजनिक संस्थेत मौन हे पुष्कळदा केवळ थकव्याचे लक्षण असते.

आता थोडे परदेशाकडे पाहू. कारण मतदानाविरुद्धचा सगळ्यांत प्रतिष्ठित युक्तिवाद, म्हणजे शुद्धीचा, तेथे पूर्णत्वास गेलेला आढळतो. अमेरिकेच्या दक्षिणेत लुईझियाना नावाचे संस्थान आहे. गुलामगिरी नष्ट झाल्यावर तेथील काळ्या पुरुषांस मताचा हक्क मिळाला. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ह्याच लुईझियानाचा आणि तिच्याबरोबर फ्लोरिडा व साउथ कॅरोलिना ह्यांचा निकाल वादात पडला; अखेर एका आयोगाने आठ विरुद्ध सात मतांनी तो वाद मिटविला आणि हेज हे एका मताच्या आधिक्याने राष्ट्राध्यक्ष झाले. दक्षिणेतील निवडणुकांत दांडगाई, लबाडी, पैसा हे सर्व होते ह्यात शंका नाही. ह्यावर तेथील शिष्टांनी उपाय कोणता काढला? लबाडी करणारास शिक्षा? नव्हे, मतदारच कमी करावे! त्यांनी मोठ्या तोंडाने सांगितले की, निवडणूक शुद्ध करावयाची तर अडाणी मतदार काढले पाहिजेत. १८९८ साली, म्हणजे अमरावतीच्या अधिवेशनानंतर काही महिन्यांतच, लुईझियानाने नवी घटना केली. मतदारास लिहितावाचता आले पाहिजे, नाहीतर त्याजपाशी तीनशे डॉलरांची मालमत्ता पाहिजे. मात्र १ जानेवारी १८६७ पूर्वी ज्याच्या बापास वा आजास मताचा हक्क होता त्यास ही अट नाही. काळ्या माणसाच्या आजास तेव्हा हक्क नव्हताच! परिणाम काय झाला? १८९६ साली नोंदलेले काळे मतदार १,३०,३३४ होते. १९०४ साली ते १,३४२ उरले. निवडणूक अशी शुद्ध झाली की, तिच्यात माणसेच उरली नाहीत. १९१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने आजोबांच्या नावाची ही सवलत घटनाविरुद्ध ठरविली. तरी हक्क खरोखरीने परत मिळण्यास १९६५ चा कायदा यावा लागला.

वाचकांनी आमचा विपर्यास करू नये. तेथे एका समाजाच्या नागरिकत्वाचा आणि जीविताचा प्रश्न होता, येथे एका मानाच्या खुर्चीचा आहे. दोन्ही अन्याय एका मापाचे आहेत असे म्हणणे हा त्या दुर्दैवी लोकांच्या दुःखाचा उपहास होईल. आम्ही जी तुलना करतो ती अन्यायांची नव्हे, युक्तिवादांची. मतदान बिघडले, सबब मतदार काढा. हा युक्तिवाद जेथे जेथे मान्य झाला, तेथे तेथे बिघाड करणारे घरात राहिले आणि मतदार तेवढे बाहेर गेले. दूध नासले तर भांडे घासावे, विरजण पाहावे. गाय विकून टाकणे हा काही उपाय नव्हे.

प्रतिपक्षाचा सगळ्यांत बळकट आक्षेप आता घेऊ. ते म्हणतात, “निवडणुकीने थोर लेखक दुरावले. मते मागण्याची त्यांस लाज वाटते. १९९२ च्या कोल्हापूर संमेलनाच्या निवडणुकीत इंदिरा संत पराभूत झाल्या आणि रमेश मंत्री निवडून आले. ह्याहून मोठा कलंक कोणता?” हा प्रसंग आम्हांसही बोचतो. मराठी कवितेत इंदिराबाईंचे जे स्थान आहे ते पाहता मतदारांनी चूक केली असे आमचेही मत आहे. परंतु ह्या आक्षेपाचा एक चमत्कार पाहा. ती चूक झाली हे आज तीस वर्षांवर काळ लोटूनही सर्वांस ठाऊक आहे! कोण उभे होते, कोण हरले, कोणाच्या मतांनी हरले, हे महाराष्ट्र विसरला नाही, आणि त्या चुकीची टोचणी अजून बोलावयास लावते. मतदानाचा खरा गुण हाच. त्याने चुका टळतात असे नाही. त्याने चुका वहीत नोंदल्या जातात. आता बंद दाराच्या बैठकीत एखाद्या इंदिराबाईंचे नाव पुढे येऊन मागे पडले असेल, तर ते आपणांस कोण सांगणार? त्या चुकीची टोचणी कोणास लागणार? तेथे पराभूत कोणी नसतो, म्हणून पश्चात्तापही कोणास नसतो. निवडणुकीवर जो कलंक म्हणून दाखविला जातो, तो वस्तुतः तिच्या हिशेबाच्या चोखपणाचा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप गठ्ठामतांचा. टपालाने आलेल्या कोऱ्या मतपत्रिका गोळा करून एकाच हाताने भरल्या जात, अशी बोलवा वर्षानुवर्षे होती. ती खोटी आहे असे सांगण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही. पण ह्या रोगाचे औषध माहीत नसलेले नव्हे. मतदार थोडे म्हणून मते गोळा करता येतात, मतदार वाढवा. मतपत्रिका घरोघर पडून राहतात. ठराविक दिवशी, ठराविक गावी, गुप्त मतदान घ्या. ज्या देशाने १९५१-५२ साली, बहुसंख्य प्रजा निरक्षर असता, चिन्हांच्या पेट्या मांडून प्रौढ मताधिकाराची निवडणूक पार पाडली, त्या देशातील लिहित्यावाचत्या मंडळींस हजार-दोन हजार मतपत्रिकांचा बंदोबस्त साधत नाही, ही कबुली लाजिरवाणी आहे.

तिसरा आक्षेप आम्हीच काढतो. कारण तो प्रामाणिक आहे आणि प्रतिपक्षास सुचलेला दिसत नाही. राष्ट्रीय सभेने पुढे मतदानाची रीत स्वीकारली. १९३९ साली, जबलपूरजवळ त्रिपुरीस भरावयाच्या अधिवेशनासाठी सुभाषचंद्र बोस हे पट्टाभि सीतारामय्यांवर दोनशेंहून अधिक मतांनी निवडून आले. तरी कार्यकारिणी त्यांच्या मताप्रमाणे होऊ दिली गेली नाही, आणि एप्रिलात त्यांस राजीनामा द्यावा लागला. मग मतदानाने काय साधले? आमचे उत्तर असे: मतदान पुरेसे नाही, पण अवश्य आहे. हरलेल्याने निकाल मानावा आणि जिंकलेल्यास काम करू द्यावे, ही सवय मतपेटीबरोबर येत नाही. ती वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने येते. परंतु अभ्यास अवघड आहे म्हणून पाटीच फोडून टाकली, तर ती सवय यावयाची कधी? शिवाय त्रिपुरीस कोणावर काय अन्याय झाला हे आपणांस सांगता येते, तेही मते मोजली गेली होती म्हणूनच.

आमच्या सूचना थोड्या आहेत. घटक संस्थांच्या सर्व आजीव सभासदांस संमेलनाध्यक्षाच्या निवडीत मत असावे. उमेदवाराने स्वतः अर्ज करण्याची आणि मते मागत फिरण्याची चाल बंद करावी. काही सभासदांनी मिळून नाव सुचवावे, लेखकाने फक्त संमती द्यावी आणि आपली वाङ्मयविषयक भूमिका दोन पानांत छापून द्यावी. म्हणजे भिडस्त लेखकाची मानहानी होणार नाही आणि मतदारास वाचावयास काही मिळेल. मतदान गुप्त असावे, मोजणी उघड असावी. हे सर्व महामंडळास जड वाटत असेल, तर आज चालू असलेल्या रीतीतही एवढे तरी करावे: कोणकोणती नावे आली, कोणी सुचविली, कोणत्या कारणास्तव एक पसंत झाले, हे छापून प्रसिद्ध करावे. ज्यांचा निर्णय निर्मळ आहे त्यांस ह्यात भय कसले? अमरावतीसच १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाने ही मागणी घटक संस्था ह्या नात्याने प्रथम करावी, अशी आमची त्या संस्थेस आग्रहाची विनंती आहे.

निर्णयाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न पोकळ नाही. यवतमाळच्या त्या पहिल्या बिनविरोध संमेलनातच उद्घाटनासाठी नयनतारा सहगल ह्यांस दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. अध्यक्षांनी आपल्या भाषणात त्याबद्दल खेद उघड बोलून दाखविला, हे त्यांस भूषणावह झाले. परंतु निमंत्रण मागे घेतले कोणी, ह्याविषयी मात्र एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवावे असा प्रकार महाराष्ट्राने पाहिला. निवडणूक असती तर हे घडले नसते असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, जेथे हजारांच्या पाठिंब्याने आलेला अध्यक्ष असतो तेथे त्याच्या शब्दास हजारांचे वजन असते. बैठकीने दिलेल्या खुर्चीस बैठकीइतकेच वजन.

तेव्हा ज्यांस मतदान नको त्यांनी ते खुशाल नको म्हणावे. तो त्यांचा अधिकार आहे. मात्र अमरावतीस साक्षीला बोलावू नये. १८९७ साली तेथे जमलेल्या त्या ६९२ माणसांपाशी मत नव्हते, आणि ते मागण्यासाठीच ती जमली होती. त्यांचे मागणे पुरे होण्यास पन्नासांवर वर्षे लागली. कोणी तुरुंगात गेले, कोणी पदे सोडली. त्यांच्या हाती नव्हते ते आपल्या हाती आले. आता आपण ते आपल्या हाताने टाकून द्यावे आणि त्यांच्यासारखेच वागलो असे म्हणावे, ह्याइतका त्यांचा दुसरा अनादर आम्हांस तरी सुचत नाही.